बिनशॉकअपची हायब्रिड सायकल: सविस्तर परीक्षण

घरात एकच सायकल ठेवायची आहे, ती रोज कामावर जायला, सामान आणायला, पावसात आणि सुट्टीच्या दिवशी पन्नास-साठ किलोमीटरच्या फेरीलाही चालायला हवी, अशी गरज असेल तर हायब्रिड, म्हणजे रोड आणि माउंटन सायकलीच्या मधला प्रकार, घ्या. फक्त पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कला शॉकअप नसलेली घ्या. निकाल आधीच सांगून टाकलाय. कारणं आणि अटी खाली.

हे एखाद्या कंपनीच्या एका मॉडेलचं परीक्षण नाही. मॉडेलं आणि स्टिकर दर वर्षी बदलतात, खालची रचना तीच राहते. म्हणून रचनाच तपासली आहे: सरळ हँडल, 700सी मापाची (रोड सायकलीच्या मापाची) चाकं, 35 ते 42 मिमी रुंद टायर, डिस्क ब्रेक, पुढे एक किंवा तीन चेनव्हील (पेडलजवळची दात्यांची चाकं), वजन साधारण 11 ते 14 किलो. आमची कसोटी एकच. बिघाड झाला तर चालवणाऱ्याला तो रस्त्याच्या कडेला, छोट्या पिशवीत मावणाऱ्या हत्यारांनी काढता येतो का, आणि भाग बदलायचाच झाला तर तो दुसऱ्या कुठल्याही कंपनीचा बसतो का? सायकलीची मोकळीक वेगात नाही, यात आहे. इंधन लागत नाही, चार्जिंग लागत नाही, वाटेल तिथे थांबता येतं, हे सगळं खरं. पण एका खास आकाराच्या तुकड्यासाठी सायकल महिनाभर भिंतीला टेकून राहिली तर त्या मोकळिकीला काही अर्थ उरत नाही.

या कसोटीवर हायब्रिड चांगली उतरते, कारण तिच्यात नवं फारसं काही नाही. 1817 मध्ये कार्ल फॉन ड्राइसने मानहाइममध्ये चालवलेल्या लाकडी दुचाकीला पेडलच नव्हतं. पायांनी जमीन मागे ढकलायची. 1860 च्या दशकात पॅरिसमध्ये पेडल आलं, पण थेट पुढच्या चाकाच्या आसावर. पेडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा, त्यामुळे वेग हवा तर चाक मोठं करण्यावाचून इलाज नव्हता. 1870 च्या दशकातल्या उंच सायकलींचं पुढचं चाक दीड मीटरच्या घरात गेलं. कोणी केवढं चाक घ्यायचं हे त्याच्या पायाच्या लांबीवर ठरायचं, आणि चाक कशाला अडलं की माणूस हँडलवरून डोक्यावर पडायचा. 1885 मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीची रोव्हर आली. दोन्ही चाकं जवळपास सारखी, पेडल मधे, आणि तिथून चेन मागच्या चाकाला. तीन वर्षांनी बेलफास्टमध्ये डनलॉपने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. आजची हायब्रिड ही मुळात रोव्हरच आहे. हान्स रेनॉल्डने 1880 मध्ये बनवलेल्या बुश-रोलर चेनचं तत्त्वही तेच राहिलं, आणि मागच्या चाकावर दात्यांच्या सहा चकत्या असोत की बारा, चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिमीच असतं.

गिअर: संख्येला भुलू नका

उंच सायकलीचं 54 इंची चाक पेडलच्या एका फेऱ्यात सुमारे 4.3 मीटर पुढे जायचं. चढ असो, उतार असो, तेवढंच. आता हायब्रिडचा हिशेब बघा. 700×38 टायरचा घेर साधारण 2.18 मीटर. पुढे 38 दाते आणि मागे 18 दाते असतील तर 38 भागिले 18 गुणिले 2.18, म्हणजे 4.6 मीटर. उंच सायकलीचा तो एकमेव गिअर इथे मधला गिअर झाला. मागे 42 दात्यांची चकती घेतली तर एका फेऱ्यात 1.97 मीटर, 11 ची घेतली तर 7.5 मीटर. मिनिटाला 80 फेरे मारले तर शेवटच्या गिअरमध्ये ताशी 36 किमी होतात. रोजच्या वापरात याहून मोठा गिअर लागत नाही. उतारावर पाय थांबवून जाऊ द्यावी.

म्हणून आमची पसंती पुढे एक आणि मागे नऊ किंवा दहा चकत्यांना, 11 ते 42 दाते. 24 गिअर असं ज्या सायकलीवर लिहिलेलं असतं तिच्यात पुढे तीन, मागे आठ चकत्या असतात, आणि त्यातले बरेच गिअर एकमेकांच्या इतके जवळ असतात की फरक पायाला कळतही नाही. शिवाय पुढच्या सर्वांत मोठ्या चेनव्हीलवर आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवर एकाच वेळी चेन ठेवायची नसते. ती तिरकी पडते, घासते आणि लवकर झिजते. पुढचा डिरेलर, म्हणजे चेन एका चेनव्हीलवरून दुसऱ्यावर ढकलणारा भाग, हा सगळ्या सायकलीतला सर्वांत नाजूक मांडणीचा भाग आहे. तो नसला की एक शिफ्टर (गिअर बदलायचा खटका), एक केबल आणि अनेक कटकटी वाचतात. पुढे तीन चेनव्हील खरोखर कोणाला हवीत? मागे-पुढे पिशव्या लावून दिवसेंदिवस चढणीच्या प्रवासाला जाणाऱ्यांना. 26 पुढे, 34 मागे हा गिअर एका फेऱ्यात 1.67 मीटर देतो, आणि वीस किलो सामान असताना तो फरक गुडघ्यांना कळतो.

एक गोष्ट मात्र दुकानातच तपासा. मागे सहा किंवा सात चकत्या असतील तर बहुधा ते हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, आट्यांनी बसवलेलं फ्रीव्हील (एकत्र जोडलेल्या चकत्यांचा संच) असतं. त्या रचनेत उजव्या बाजूचं बेअरिंग हबच्या आत, फ्रेमपासून लांब राहतं आणि आसाचा बराच भाग आधाराविना उघडा पडतो. जड माणूस, खड्डे आणि कॅरियरवरचं सामान एकत्र आलं की तो आस वाकतो किंवा मोडतो. आठ किंवा जास्त चकत्यांच्या कॅसेट हबमध्ये (चकत्या हबच्या खाचांवर सरकवून बसवलेल्या) बेअरिंग अगदी फ्रेमजवळ येतं आणि हा त्रास जवळपास संपतो. दोन सायकलींमध्ये निवड अडली असेल तर या एका मुद्द्यावर निकाल लावावा.

गिअर नीट पडत नसले तर आधी केबल बघा. नव्या सायकलीत पहिल्या काही आठवड्यांत केबलचं आवरण टोकांच्या टोप्यांमध्ये दाबून बसतं, केबल ढिली पडते आणि चेन मोठ्या चकतीवर चढायला कुरकुरते. शिफ्टरजवळ किंवा मागच्या डिरेलरजवळ हाताने फिरणारा बॅरल असतो. तो घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवा, गिअर टाकून बघा, पुन्हा पाव फेरा. बहुतेक वेळा एका पूर्ण फेऱ्याच्या आत काम होतं. डिरेलरवरचे दोन लहान स्क्रू मात्र यासाठी नसतात. चेन सर्वांत लहान चकतीच्या बाहेर आणि सर्वांत मोठ्या चकतीच्या आत पडू नये एवढीच त्यांची जबाबदारी. गिअर बिघडले म्हणून ते स्क्रू फिरवणारे अनेक जण शेवटी चेन आऱ्यांमध्ये अडकवून घेतात.

केबल ठीक आहे, तरी मधल्या दोन-तीन चकत्यांवर चेन उड्या मारते, असं असेल तर सायकल उजव्या अंगावर पडली होती का ते आठवा. डिरेलर ज्या लहानशा अॅल्युमिनियमच्या तुकड्यावर टांगलेला असतो तो हँगर मुद्दाम मऊ ठेवतात, म्हणजे धक्क्यात तो वाकावा आणि फ्रेम वाचावी. पंचाईत अशी की हँगरचे शेकडो आकार आहेत आणि एकाचा दुसऱ्याला बसत नाही. सायकल घेतानाच त्याच मॉडेलचा जादा हँगर मागून घ्या आणि सीटखालच्या पिशवीत टाकून ठेवा. हायब्रिडमधला एवढा एकच भाग आमच्या कसोटीत नापास होतो.

ब्रेक

डिस्क ब्रेक घ्यावेत. रिमवर दाबणाऱ्या ब्रेकची रबरं पावसात पहिल्या एक-दोन फेऱ्यांत फक्त पाणी पुसतात, पकड नंतर येते. आणि चिखलाच्या कणांनी रिम झिजत जाते. तरीही नुसत्या सपाट, कोरड्या रस्त्यांवर फिरणाऱ्याला व्ही-ब्रेक (रिमवर दाबणारेच) पुरतात, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

डिस्कमध्ये केबलचे आणि हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) असे दोन प्रकार. हायड्रॉलिकला बोटाचा जोर कमी लागतो, आणि पॅड झिजले तरी पिस्टन आपोआप पुढे येतात. केबलच्या बहुतेक ब्रेकमध्ये एकच पॅड हलतं, म्हणून झीज झाली की हाताने दोन्ही बाजू जुळवाव्या लागतात. पण केबल कुठेही मिळते आणि दहा मिनिटांत बदलता येते. लांब, एकाकी प्रवास करणाऱ्यांनी केबलचे, बाकीच्यांनी हायड्रॉलिक, असं आमचं मत. हायड्रॉलिकमध्ये दोन पथ्यं पाळायची. चाक काढलेलं असताना लिव्हर दाबायचं नाही, दाबलं तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि डिस्क आत जात नाही. दुसरं, तेल. काही ब्रेकना मिनरल ऑइल लागतं, काहींना डॉट फ्लुइड (मोटारींच्या ब्रेकचं तेल). एकाच्या जागी दुसरं भरलं की आतली सीलं फुगतात आणि ब्रेक कायमचा जातो.

नवे पॅड पहिल्या दिवशी कमजोर वाटतात, त्यात दोष नसतो. ताशी 20-25 किमी वेगावरून पूर्ण न थांबता, सावकाश दाबत, पंधरा-वीस वेळा वेग कमी करायचा. पॅडचा पातळ थर डिस्कवर बसतो आणि पकड येते. ब्रेक अचानक किंचाळायला लागला आणि पकडही गेली, तर शंभरातल्या बहुतेक वेळा कारण चेनवर फवारलेलं तेल असतं. स्प्रेचे कण डिस्कवर पडतात. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येते, तेल प्यायलेले पॅड मात्र बदलावेच लागतात. म्हणून चेनला तेल बाटलीतूनच घाला, प्रत्येक रोलरवर एक थेंब, आणि पाच-दहा मिनिटांनी बाहेरचं सगळं फडक्याने पुसून काढा. चेनला तेल आतून लागतं. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ गोळा करतं.

डिस्क एका बाजूला घासत असेल तर कॅलिपरचे (पॅड धरणाऱ्या भागाचे) दोन्ही बोल्ट थोडे सैल करा, लिव्हर दाबून धरा आणि दाबलेलं असतानाच दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडेथोडे आवळा. एक बोल्ट एका दमात आवळला की कॅलिपर तिरका होतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं. पॅडवरचा घासणारा थर एक मिलिमीटरच्या खाली आला की बदला.

शॉकअप का नको

दुकानात हायब्रिडच्या फोर्कला 50-60 मिमी हलणारा शॉकअप दाखवून ती वरच्या दर्जाची असल्याचं सांगतात. या किमतीच्या वर्गातला शॉकअप म्हणजे स्टीलच्या नळ्या आणि आत एक स्प्रिंग. तो साध्या फोर्कपेक्षा एक-दीड किलो जड असतो, उभं राहून पेडल मारताना खाली-वर होत जोर खातो, आणि दोन पावसाळ्यांत आत पाणी जाऊन नळ्या गंजल्या की हलायचाच थांबतो. त्याला दुरुस्त करण्याच्या फंदात कोणी पडत नाही. रस्त्यावरच्या बारीक हादऱ्यांचा खरा इलाज आहे रुंद टायर आणि त्यातली योग्य हवा. डनलॉपचा तो शॉकअप, म्हणजे हवेचा टायर, आजही पुरतो.

75 किलोच्या माणसाला 38 मिमी टायरमध्ये पुढे 45 आणि मागे 50-55 पीएसआयपासून (हवेच्या दाबाचं माप) सुरुवात करावी. हँडल हादरत असेल तर पाच कमी. खड्ड्यात रिम आपटल्याचा आवाज आला तर पाच जास्त. टायरवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, शिफारस नव्हे. तेवढी ठासून हवा भरली की सायकल दगडासारखी कडक होते. हवा कमी ठेवून खड्ड्यात गेलं तर ट्यूब रिमच्या दोन कडांमध्ये चिमटली जाते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. अशी जोडीची भोकं दिसली की टायरमध्ये काटा शोधत बसू नका, हवा वाढवा.

भोक एकच असेल तर काटा शोधायलाच हवा. ट्यूब बाहेर काढताना टायरच्या तुलनेत तिची बाजू बदलू देऊ नका. भोक व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते मोजा, टायरवर तेवढ्याच अंतरावर आतून बोट सावकाश फिरवा. बारीक तार बाहेरून दिसत नाही, आतून बोटाला टोचते. ती काढल्याशिवाय नवी ट्यूब टाकली तर ती शंभर मीटरवर बसते. भोकाभोवती पॅचपेक्षा थोड्या मोठ्या जागेवर पॉलिश पेपर घासून चकाकी घालवा, सोल्युशनचा पातळ हात द्या आणि पाच मिनिटं थांबा, ओलसर चमक जाईपर्यंत. बहुतेक पॅच इथल्या घाईमुळे सुटतात. मग पॅच ठेवून कडांवर जोराने दाबा. टायर परत चढवताना शेवटचा भाग व्हॉल्व्हजवळ यावा आणि तो शक्यतो हाताने चढवावा. लिव्हरने चढवताना ट्यूब पुन्हा फाटते.

माप, आटे आणि चाकं

फ्रेम बरोबर मापाची नसेल तर वरचं सगळं फुकट. फ्रेमच्या वरच्या नळीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवून उभं राहिलं की नळी आणि शरीर यांच्या मधे दोन ते पाच सेंटीमीटर मोकळे हवेत. सीटच्या उंचीसाठी पायाच्या आतल्या बाजूची लांबी मोजा आणि तिला 0.883 ने गुणा. क्रँकच्या (पेडलचे दांडे फिरतात त्या आसाच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत तेवढं अंतर. 80 सेंमी लांबीला 70.6 सेंमी. ही सुरुवात झाली. टाच पेडलवर ठेवल्यावर खालच्या टोकाला पाय सरळ होतो ना, हे बघून पाच मिलिमीटर इकडे-तिकडे करा. दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकतील इतकी सीट खाली ठेवायची सवय फार पसरलेली आहे, आणि गुडघ्याच्या पुढच्या भागातलं दुखणं बऱ्याचदा तिथूनच येतं. सरळ हँडलचा एक खरा तोटा मान्य करावा लागेल: हात एकाच जागी राहतात, तासाभरानंतर करंगळीकडची बोटं बधिर होऊ लागतात. हँडलच्या टोकांना लहान शिंगं लावली की पकड बदलता येते.

क्रँकच्या बेअरिंगसाठी फ्रेममध्ये 68 मिमी रुंदीचा, आटे असलेला जुना प्रकार आहे का ते विचारा. आट्यांशिवाय दाबून बसवलेल्या बेअरिंगमध्ये कालांतराने करकर येते, आणि ती काढायला वेगळी हत्यारं लागतात. आट्यांच्या प्रकारात उजव्या बाजूचे आटे उलटे असतात. पेडलमध्ये बरोबर विरुद्ध: डावं पेडल उलट्या आट्यांचं. खोक्यातून आलेल्या सायकलीला घाईत डावं पेडल उजवीकडे जबरदस्तीने पिळलं की अॅल्युमिनियमच्या क्रँकचे आटे सोलले जातात. पेडलवर एल आणि आर कोरलेलं असतं. आधी हाताने तीन-चार फेरे सहज जायला हवेत, पाना नंतर.

ब्रेक आणि गिअरच्या केबल हँडलच्या खालून थेट हेडसेटमध्ये (हँडल वळवताना फिरणाऱ्या बेअरिंगमध्ये) शिरून दिसेनाशा होतात, अशी रचना आता महागड्या सायकलींतून हायब्रिडमध्ये उतरते आहे. दिसायला नेटकी असते. पण वरचं बेअरिंग बदलायचं तर आधी केबल आणि हायड्रॉलिक नळ्या सोडवाव्या लागतात. पंधरा मिनिटांच्या कामाला अर्धा दिवस लागतो. रोजच्या सायकलीत ही रचना टाळाच. इलेक्ट्रॉनिक शिफ्टिंगही इथे नको. बॅटरीवरच्या सायकलीने चढ आणि वय यांची भीती घालवली, ही मोठी गोष्ट आहे. मात्र 20-25 किलोची सायकल जिन्यावरून उचलता येत नाही, आणि तिची बॅटरी बहुधा त्याच कंपनीची लागते.

मडगार्ड आणि कॅरियरसाठी फ्रेमला आणि फोर्कला आट्यांची भोकं आहेत का, आणि टायरच्या वर मडगार्ड बसण्याइतकी जागा उरते का, हेही तिथेच बघा. नंतर करता येण्यासारखं ते काम नाही.

सायकल घरी आल्यावर पहिले 200 किमी झाले की चाकांकडे लक्ष द्या. यंत्रावर बांधलेल्या चाकातल्या तारांचा (आऱ्यांचा) पीळ सुटतो, निपल (तारांच्या टोकाचे नट) रिममध्ये नीट बसतात, काही तारा सैल पडतात. पूर्वी चाक आउट, म्हणजे वाकडं, झालं की रिम ब्रेकच्या रबराला घासून आवाज द्यायची. डिस्क ब्रेकमध्ये तसा इशारा मिळत नाही, आणि लोक थेट तार तुटल्यावरच बघतात, बहुतेक मागच्या चाकाची, चेनच्या बाजूची. सायकल उलटी ठेवा, फ्रेमला एक झिप-टाय बांधून त्याचं टोक रिमच्या अगदी जवळ आणा आणि चाक फिरवा. रिम जिथे उजवीकडे सरकते तिथल्या डाव्या बाजूच्या तारा पाव फेरा आवळा, उजव्या पाव फेरा सैल करा. एका वेळी यापेक्षा जास्त नाही.

त्याच दिवशी पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. हेडसेटजवळ ठक् असं जाणवलं तर आधी स्टेमचे (हँडल धरणाऱ्या तुकड्याचे) बाजूचे दोन बोल्ट सैल करा, मग वरच्या टोपीचा बोल्ट थोडा आवळा, मग पुन्हा बाजूचे. बाजूचे सैल न करता नुसती टोपी आवळली तर काहीच हलत नाही, उलट टोपीचा बोल्ट जिच्यात बसतो ती आतली चांदणी उखडते.

चेनसाठी एक स्टीलची पट्टी पुरते. बारा पूर्ण कड्या, म्हणजे पिन ते पिन 24 अंतरं, नव्या चेनमध्ये 304.8 मिमी भरतात. तेच अंतर 306.5 च्या आसपास गेलं की नवी चेन घाला. 308 पर्यंत वाट बघितली तर चकत्यांचे दातेही तिच्यासोबत झिजलेले असतात, नवी चेन त्यांच्यावरून घसरते, आणि मग कॅसेटचाही खर्च येतो.